स्पर्धेत उभे राहण्याचा अधिकार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आम्ही ‘मुलांच्या उपयोगाचे काहीतरी’ बोलावे, अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आपणांपैकी बहुतेकांची अशी अटकळ झाली असेल, की आम्ही अभ्यास, वक्तशीरपणा आणि हस्ताक्षर ह्या आमच्या नेहमीच्या त्रयीवर बोलू. सारा जन्म खडूच्या धुळीत घालविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावयाची? परंतु आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. शरीराने अपंग असलेला मनुष्य श्रेष्ठ दर्जाच्या क्रीडास्पर्धेत उतरतो, म्हणजे तो नेमके काय करतो, हा तो विषय होय. आम्ही मॅट्रिकच्या पुढे शिकलो ते केवळ अध्यापनाच्या वर्गापुरते. तेव्हा शरीरशास्त्रातील सूक्ष्म गोष्टी आमच्याकडून ऐकावयास मिळतील अशी आशा कोणी बाळगू नये.

विषय निवडण्यास कारण आपल्या संमेलनातच आहे. दरवर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या शर्यती होतात. सायंकाळी बक्षीससमारंभ होतो, आणि त्याच्या अखेरीस ज्याचा पाय अधू आहे किंवा ज्यास दिसत नाही, अशा एखाद्या मुलास व्यासपीठावर बोलावून ‘विशेष उत्तेजनार्थ’ म्हणून एक पेला देण्याची प्रथा पुष्कळ वर्षे चालत आली आहे. साऱ्या समारंभातील सर्वांत मोठ्या टाळ्या त्याच वेळी पडतात. देणाऱ्यांच्या मनात खोट नाही, टाळ्या वाजविणाऱ्यांच्याही नाही. परंतु ते मूल त्या दिवशी एकाही शर्यतीत उतरलेले नसते. सकाळी ते मंडपाच्या कडेला इतर मुलांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखीत बसलेले असते. मग पेला त्यास कशाबद्दल मिळतो? चपला राखल्याबद्दल की पाय अधू असल्याबद्दल? मोठ्या माणसांना हा प्रश्न सुचत नाही. पण त्या मुलास तो सुचल्यावाचून राहत नाही, हे त्याच्या तोंडाकडे पाहिले असता कळते.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम थोडे दूर, इंग्लंडात जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ज्याचा पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले, त्याचे उरलेले आयुष्य बहुधा महिन्यांनी मोजीत असत. असा रोगी कणा मोडल्यामुळे मरत नसे. अंथरुणास खिळून पडलेल्या जखमांनी आणि मूत्रमार्गातील संसर्गाने मरे. लुडविग गुटमन नावाचे एक जर्मन ज्यू वैद्य नाझींच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडच्या आश्रयास आले. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी काढलेला विभाग त्यांच्या हाती देण्यात आला. त्यांनी रोग्यांस रात्रंदिवस ठरावीक वेळाने कुशीवर वळविण्याची शिस्त लावली, आणि माणसे जगू लागली. परंतु जगलेल्या माणसाने पुढे करावयाचे काय? गुटमन ह्यांनी त्यांच्या हाती चेंडू आणि धनुष्य दिले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या १६ स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. दिवस मुद्दाम निवडलेला होता. पुढे १९६० साली रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले, आणि ते सामने आज पहिले पॅरालिंपिक सामने म्हणून ओळखले जातात. ह्या नावातील ‘पॅरा’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लगत’, ‘बरोबरीने’ असा लावतात. ऑलिंपिकच्या खालचे नव्हे, ऑलिंपिकच्या शेजारचे सामने, असे ते नाव सांगते.

भारत ह्या सामन्यांत प्रथम उतरला तो १९६८ साली, तेल अवीव येथे. त्या पथकात आमच्या सांगली जिल्ह्यातील, पेठ इस्लामपूरचे, मुरलीकांत पेटकर होते. ते लष्कराच्या यांत्रिकी दलातील जवान आणि मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांस पोहण्याचा व्यायाम सांगण्यात आला, तो औषध म्हणून. पायांत शक्ती नसलेल्या माणसाने पोहणे म्हणजे काय, हे कृष्णेच्या डोहात उड्या मारलेल्या आपल्या मंडळींनी क्षणभर मनात आणून पाहावे. धड माणसाचे पाय पाण्यास मागे लोटतात. लुळे पाय पाण्याखाली लोंबतात आणि पोहणाऱ्यासच मागे खेचतात. पुढे जाणे, तोल सांभाळणे आणि हे ओझे ओढणे, ही तिन्ही कामे खांद्यांनी आणि दंडांनी करावयाची. तेल अवीव येथे पेटकर टेबल टेनिस खेळले, पहिली फेरी जिंकले आणि पुढे हरले. १९७० साली एडिंबरो येथे राष्ट्रकुलातील अपंगांच्या सामन्यांत त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्याच शर्यतीत, आपल्या गटात, ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

हे भारताचे ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक नेमबाज अभिनव बिंद्रा ह्यांनी मिळविले ते २००८ साली, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी. आपल्या तरुणांपैकी, ज्यांचे दोन्ही पाय धड आहेत अशा किती जणांना ५० मीटर अंतर ३७ सेकंदांत पोहता येईल, ह्याची परीक्षा ज्यांना घ्यावयाची असेल त्यांनी जवळच्या तलावावर अवश्य घ्यावी.

सरकारने पेटकरांस पद्मश्री दिली ती २०१८ साली, ४६ वर्षांनी. आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. मध्यंतरी, २०२४ साली, त्यांच्या आयुष्यावर एक हिंदी चित्रपट निघाला आणि मगच जिल्ह्यातील पुष्कळांस त्यांचे नाव कळले. चित्रपट चांगला की वाईट, हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आमच्या इकडील शाळांतून मुलांस सांगितले जात होते, आणि तेथून हाकेच्या अंतरावरचे पेटकर सांगितले जात नव्हते, ह्याचे कारण शोधण्याजोगे आहे. आमच्या मते ते कारण असे, की ह्या पदकामागे खरी स्पर्धा आहे, ह्यावर लोकांचा विश्वासच बसला नव्हता. ‘बिचाऱ्यांचे सामने, त्यांत कोणाला ना कोणाला पदक द्यावयाचेच,’ अशी समजूत.

ही समजूत कशी खोटी आहे, हे खाशाबांच्याच उदाहरणाने सांगतो, कारण आखाड्याची भाषा आपल्या भागात अर्भकासही कळते. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले ते ५७ किलो वजनाच्या गटात. शंभर किलोंच्या मल्लाशी ते झुंजले नाहीत, म्हणून त्यांचे पदक दयेचे, असे कोणी म्हणेल काय? वजनी गट कोणावर कृपा करण्यासाठी नसतो. कुस्तीचा निकाल वजनाने न लागता डावाने लागावा, ह्यासाठी असतो. अपंगांच्या क्रीडास्पर्धांतील वर्गीकरण म्हणजे नेमके हेच. कोणाचे डोळे, कोणाचा हात, कोणाचा कणा, कोणाच्या स्नायूंवरील ताबा, ह्यांतील उणेपणा तज्ज्ञ मंडळी तपासतात आणि सारखा उणेपणा असणाऱ्यांस एकत्र उभे करतात. पूर्वी कण्याची इजा कोठे झाली एवढेच पाहात. पुढे त्या शरीरास त्या विशिष्ट खेळात प्रत्यक्ष काय करता येते, हे पाहू लागले. धावण्याच्या गटांस ‘टी’, फेकीच्या गटांस ‘एफ’, पोहण्याच्या गटांस ‘एस’ असे अक्षर आणि पुढे एक आकडा असतो. वृत्तपत्रांत ‘एफ ४६’ असे वाचून आपण पान उलटतो. त्याचा अर्थ असा, की हा खेळाडू उभा राहून फेकतो, आणि उणेपणा त्याच्या एका हातात आहे.

हे न समजल्याने केवढा गैरसमज होतो पाहा. दीपा मलिक ह्यांनी २०१६ साली रिओ येथे गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांची फेक ४.६१ मीटर होती. ‘पंधरा फूट! आमची नातसुद्धा टाकील,’ असे एका सद्गृहस्थांनी आमच्यासमोर काढले. त्यांस आम्ही एवढेच सुचविले, की नातीस जमिनीस घट्ट बांधलेल्या आसनावर बसवावे, पट्ट्यांनी आवळावे, आणि छातीखालचा एकही स्नायू न हालविता गोळा टाकावयास सांगावे. दीपाताईंच्या कण्यातील गाठीमुळे त्यांचे छातीखालचे शरीर बधिर झाले आहे. गोळाफेकीचे सामर्थ्य पायांतून व कमरेतून वर चढते, हे कोणताही व्यायामशिक्षक सांगेल. ते दोन्ही वगळून उरते ते खांदा आणि मनगट. त्या दोहोंच्या बळावर पंधरा फूट.

आणि हे वर्गीकरण कठोर किती असावे? २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या सामन्यांत एका भारतीय थाळीफेकपटूने कांस्यपदक जिंकले, आणि दुसऱ्याच दिवशी ते रद्द झाले. फेकीत दोष नव्हता. त्यांचे अपंगत्व त्या गटात बसत नाही, असा निर्णय लागला. गटाची सीमा कोणी ओलांडिली, तर पदक परत घेतले जाते. जेथे दयेचा कारभार असता, तेथे असे घडले असते काय?

गटांच्या ह्या व्यवस्थेची झळ निर्दोष खेळाडूसही पोहोचते. राजस्थानच्या चुरू जिल्ह्यातील देवेंद्र झाझरिया आठ वर्षांचे असताना झाडावर चढले, विजेच्या तारेस हात लागला आणि डावा हात तोडावा लागला. २००४ साली अथेन्स येथे त्यांनी भालाफेकीत ६२.१५ मीटरच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर २००८ आणि २०१२ ह्या दोन्ही सामन्यांत त्यांच्या गटाची भालाफेकच ठेवलेली नव्हती. जागतिक विजेता माणूस, आणि त्यास उतरावयास मैदानच नाही! बारा वर्षे ह्या गृहस्थाने सराव सोडला नाही. २०१६ साली गटाची फेक पुन्हा आली, तेव्हा वयाच्या पस्तिशीत त्यांनी ६३.९७ मीटर भाला टाकून स्वतःचाच विक्रम मोडला आणि दुसरे सुवर्णपदक घेतले. टोकियोला रौप्य मिळाले, ते तर ६४.३५ मीटरच्या फेकीवर. म्हणजे सुवर्ण मिळवून देणाऱ्या फेकीपेक्षा अधिक लांब टाकूनही ते दुसरे आले, कारण दुसऱ्या कोणी त्याहून लांब टाकले. स्पर्धा म्हणतात ती हीच.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. आटपाडी तालुक्यातील करगणी हे माणदेशातील गाव, पाण्याच्या दुर्भिक्षाचा मुलूख. तेथील सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले, हाडाची इजा चिघळली आणि डावा हात कायमचा अधू झाला. पुढे ते अभियंता झाले, स्पर्धापरीक्षांच्या मुलांस शिकवू लागले, आणि गोळाफेकीत २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या गटाचे जागतिक विजेतेपद त्यांनी मिळविले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांची फेक १६.३२ मीटर गेली. आशियातील विक्रम झाला. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्ट ह्यांची फेक १६.३८ मीटर होती. सहा सेंटिमीटर! आपल्या चार बोटांची रुंदीही त्याहून अधिक भरेल. तेवढ्या अंतराने सुवर्ण गेले आणि रौप्य पदरी पडले. त्या सहा सेंटिमीटरांचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. ‘हा हाताने अधू, ह्याला सहा सेंटिमीटर माफ करा,’ असे तेथे कोणी म्हणत नाही. कारण समोरच्याचाही एक हात अधूच असतो. आणि खिलारींस तशी माफी मिळाली असती, तर त्यांच्या रौप्याचीही किंमत उरली नसती.

पॅरिसच्या सामन्यांतून भारताने ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी २९ पदके आणली. १९६८ पासून २०१६ पर्यंतच्या साऱ्या सामन्यांत मिळून आपली पदके अवघी १२ होती. ह्या वाढीस सरकारी साहाय्य, शिक्षक, परदेशांतील सराव अशी अनेक कारणे आहेत आणि ती वृत्तपत्रांत येऊन गेली आहेत. येथे विस्तार करीत नाही.

आमचे लक्ष आहे ते आपल्या घरांकडे. आम्ही शाळेत असताना पोलिओमुळे पाय वाळलेली मुले वर्गावर्गांतून असत. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु रस्त्यांवरील अपघात, यंत्रांत सापडलेले हात, जन्मतःच्या व्याधी ह्यांमुळे आपल्या ज्ञातीतही अशी मुले आहेत, आणि प्रत्येक घरी त्यांचे प्रेम आहे. कित्येक घरी ते प्रेमच आड येते. ‘पडला तर?’ असे आई म्हणते. ‘हरला तर मनाला लागेल,’ असे आजोबा म्हणतात. आजोबांस आम्ही विनयाने विचारतो, की आपला दुसरा नातू गेल्या वर्षी पोत्यांच्या शर्यतीत शेवटचा आला, तेव्हा त्याच्या मनाची काळजी आपण केली होती काय? आपण हसलात, त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालात. ती थाप अधू पायाच्या नातवास कधी मिळाली नाही. त्यास मिळाला पेला. हरण्यासाठी आधी स्पर्धेत घ्यावे लागते, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ हे शब्द केवळ हरलेल्यासच ऐकावयास मिळतात.

आम्ही ज्या शाळांतून काम केले, त्यांपैकी एका शाळेत कवायतीच्या तासास अशा मुलांस वर्गात बसवून शुद्धलेखन घालावयाची पद्धत होती. शुद्धलेखनास आमचा विरोध असणे शक्यच नाही! परंतु खिडकीतून मैदानाकडे पाहात लिहिलेले शुद्धलेखन आम्ही तपासलेले आहे, आणि त्यांतील चुका ऱ्हस्वदीर्घाच्या नसत.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी आहे, की पुढील संमेलनापासून ‘विशेष उत्तेजनार्थ’ पेला बंद करावा. त्या पेल्याचे देणगीदार समोरच बसले आहेत. त्यांनी राग मानू नये, कारण पेला जाणार नाही. तो केवळ जिंकलेल्यास मिळेल. बसून चेंडू फेकण्याची एक स्पर्धा ठेवावी. तिच्यात ज्यांस उभे राहता येत नाही ती मुले खुर्चीत बसून फेकतील, आणि खुर्ची दोघांनी धरावी म्हणजे उलटणार नाही. ज्यांस दिसत नाही त्यांची धावण्याची शर्यत ठेवावी. पॅरालिंपिकमध्ये अंध धावपटूबरोबर एक डोळस सोबती धावतो. दोघांच्या हातांत एक आखूड दोरी असते, आणि सोबत्याने अंतिम रेषा धावपटूच्या आधी ओलांडली तर धावपटू बाद होतो. हा नियम आपणही जसाच्या तसा घ्यावा. थोरल्या भावांस आणि बहिणींस एक पाऊल मागे राहून धावण्याचा सराव त्यामुळे होईल, आणि तो त्यांस घरीही उपयोगी पडेल. ज्यांचा एक हात अधू आहे त्यांनी इतरांबरोबरच धावावे, असे प्रथम आमचे मत होते. परंतु धावताना तोल सांभाळण्यास दोन्ही हात लागतात, म्हणून जागतिक स्पर्धांतही त्यांचा गट वेगळा असतो, हे येथे आलेल्या एका व्यायामशिक्षकांनी निदर्शनास आणले. तेव्हा तीही शर्यत वेगळी असावी.

आपली संख्या थोडी. एखाद्या गटात एकच मूल निघेल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तसे झाल्यास त्याची वेळ किंवा अंतर नोंदवहीत लिहावे आणि त्या वर्षी बक्षीस देऊ नये. पुढच्या वर्षी त्याने स्वतःचा आकडा मागे टाकला, तर द्यावे. न टाकला, तर नाही. हे कठोर वाटेल. परंतु दहाव्या वर्षी १२ फूट टाकणाऱ्या मुलास अकराव्या वर्षी किती टाकावयाचे हे पाठ असेल, आणि संमेलनाच्या आधी महिनाभर ते परसात चेंडू फेकीत असेल.

एक विनंती विद्यार्थी साहाय्य निधीच्या विश्वस्तांस. आजवर निधीतून पुस्तके, वह्या व परीक्षाशुल्क देण्यात येते. पोहण्याच्या तलावाची वर्गणी, आठवड्यातून दोनदा तालुक्यास जाण्यायेण्याचे भाडे, आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात घालावयाच्या खेपांचा खर्च ह्यांचाही त्यांत समावेश व्हावा. त्या दाखल्यावाचून तालुक्याच्या अपंगांच्या स्पर्धेतही नाव घेतले जात नाही, आणि पुष्कळ पालकांनी तो काढलेलाच नाही. काहींनी तो हेतुपुरस्सर काढलेला नाही. मुलीचे लग्न जमविताना कागद आड येईल अशी त्यांची भीती आहे. ती भीती आम्ही जाणतो. परंतु पाहावयास आलेल्या मंडळींस पाय दिसतोच. दाखला असला वा नसला, तरी दिसतो.

ज्या घरांत अशी मुले आहेत, त्यांनी मुलाचे नाव, वय आणि त्यास काय करता येते हे एका कागदावर लिहून दिवाळीपूर्वी चिटणिसांकडे द्यावे. काय करता येत नाही, ते लिहिण्याची आवश्यकता नाही. त्याची तपासणी गट पाडताना डॉक्टर सभासद करतील, आणि त्यांनी तसे कबूल केले आहे. सेकंद मोजण्याचे घड्याळ शाळेतून उसने आणण्याची व्यवस्था आम्ही करतो. मैदानावर चुन्याने रेषा आखण्यास दोन तरुण हवे आहेत. त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस भेटावे.